उपग्रहाला माझ्या विहिरीचा उपसा दिसतो, हे कुणी सांगितलं?

गावाकडचा
परवा इथे एकाने ठासून लिहिलं की उपग्रहामुळे कोण किती भूजल उपसतो ते आता कळतं, तेव्हा गट नंबरप्रमाणे पाणीपट्टी लावा. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

उपग्रहाला मोटार दिसत नाही. त्याला रान किती तापलंय ते दिसतं. पाणी मिळालेलं पीक थंड राहतं, त्यावरून बाष्पोत्सर्जन, म्हणजे पिकातून आणि जमिनीतून हवेत उडालेलं पाणी, काढायचं, त्यातून पाऊस वजा, कालवा वजा, उरलं ते भूजल. यातला कालव्याचा आकडा आणणार कुठून? आमच्या चारीला (कालव्याच्या फाट्याला) पाळी कागदावर सुटते, टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही. ते न मिळालेलं पाणी माझ्या हिशेबात धरणार? शिवाय लँडसॅट उपग्रहाचा तापमानाचा एक चौकोन 100 मीटरचा, म्हणजे अडीच एकर. त्यात माझी ज्वारी, चुलत्यांचा ऊस आणि शेजाऱ्याचं पडीक. पट्टी कुणाच्या नावावर फाडणार?

खडक_पाणी
दादा, कालव्याचा मुद्दा बरोबर आहे. पण आज उपशाचा सरकारी आकडा कसा निघतो? विहिरी मोजायच्या, एका विहिरीचा सरासरी उपसा धरायचा आणि गुणायचं. त्यापेक्षा उपग्रह नक्कीच बरा. भूजलाचा खरा उपसा होतो रब्बीत आणि उन्हाळ्यात. तेव्हा आभाळ मोकळं असतं, वजा करायला पाऊसही फारसा नसतो. कालवा नसलेल्या तालुक्यात एप्रिलमध्ये जे हिरवं दिसतं ते विहीर-बोअरवरचंच. अमेरिकेत आयडाहो राज्य पाणीहक्कांच्या कामात ही पद्धत वापरतं. आणि राजस्थान, पंजाब, हरियाणातून 2002 ते 2008 या काळात 109 घन किलोमीटर भूजल गेलं, हे गुरुत्वाकर्षणातला फरक टिपणाऱ्या ग्रेस उपग्रहांच्या मोजणीवरूनच समजलं.

गावाकडचा
ग्रेस इथे आणू नका. त्याला शेकडो किलोमीटरचा पट्टा लागतो, तालुका त्याच्या नजरेतच येत नाही. पंजाबात गाळाची जमीन, आपल्याकडे काळा पाषाण. माझं बोअर 600 फुटांवर कोरडं, बांधापलीकडच्याला 180 ला पाणी. कोण कुठल्या भेगेतलं ओढतो ते वरून दिसतं का? कायद्याने 60 मीटरपेक्षा (सुमारे दोनशे फुटांपेक्षा) खोल बोअरला बंदी आहे. आमच्या गावात सातशे फुटांची आहेत. उपग्रह ती खोली सांगेल?

माणदेशी
तुम्ही दोघं पिकावरच अडलात. शेततळ्यांचं बोला. योजना होती वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायची. प्रत्यक्षात प्लॅस्टिक अंथरून दिवाळीनंतर बोअरने तळी भरतात. 30 बाय 30 मीटरचं तळं, एप्रिल-मेमध्ये दिवसाला 8 ते 10 मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे रोज सात ते नऊ हजार लिटर. जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं आणि त्याला जलसंधारण म्हणायचं! आमच्या वस्तीवरची विहीर शेजारची तीन तळी भरली त्याच हिवाळ्यात आटली. आई हंडा घेऊन दुसऱ्यांच्या दारात जायची.

द्राक्षबाग
माणदेशी, तोंड सांभाळून लिहा. एप्रिल छाटणीनंतर पाणी तुटलं तर बाग जाते, डोक्यावर कर्ज उरतं. आमच्याकडे कालवा नाही, वीज रात्री येते, मग पाणी साठवायचं नाही तर काय करायचं? बागेला ठिबक आहे, थेंब न् थेंब मोजून देतो. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

माणदेशी
ठिबक असूनही दोन एकरांची बाग पाच एकर झाली ना? मग वाचलेलं पाणी गेलं कुठे?

द्राक्षबाग
वाढवली. पोरांची शिक्षणं ज्वारीवर होत नाहीत. तुम्ही करून दाखवा.

खडक_पाणी
जरा थांबा दोघं. शेततळी सेंटिनेल उपग्रहाच्या 10 मीटरच्या चित्रांत मोजता येतात. पाऊस नसताना तळ्याचं पाणी वाढलं तर ते बोअरचंच.

द्राक्षबाग
माझं तळं कडेने खोल आहे. पाण्याचा पसारा दिसेल, खोली दिसणार नाही.

खडक_पाणी
मान्य. लिटरचा आकडा अंदाजाचाच राहील.

टँकरची_वाट
तुमचा दशांशाचा वाद चालू द्या. आमच्याकडे मार्चपासून टँकर असतो आणि टाकीवरून पाहिलं तर चहूबाजूंना हिरवा ऊस दिसतो. पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची नाही, हे 1993 च्या कायद्यातच आलं होतं. ग्रामसभेत विचारलं तर पुरावा मागतात. हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडून पिकं ठरतात, शेतीसाठी बोअर बंद आहे. आम्हाला निदान कुठे किती उपसा होतो त्याचा उपग्रहावरून काढलेला नकाशा तरी द्या.

गावाकडचा
ताई, तुमच्यापुढे बोलायला तोंड नाही. गावाचा नकाशा ग्रामसभेत लावा, माझी ना नाही. पण त्याच नकाशावरून माझ्या गट नंबरवर वसुलीची नोटीस आली तर मी कोर्टात जाणार.

टँकरची_वाट
जा. पण आधी ग्रामसभेला या, आमच्याकडे कोरमच भरत नाही.

माणदेशी
आणि शेततळ्यांचं काय? अजून कुणीच उत्तर दिलेलं नाही.