गिरणगावच्या सिनेमात घोडा (म्हणजे पिस्तूल) सोडून काही असतं का?

चाळकरी

परवा रात्री टीव्हीवर 'वास्तव' लागला होता. कितव्यांदा ते विचारू नका. शेजारी मुलगा बसलेला, वय १९, जन्म डोंबिवलीचा. अर्ध्यात विचारतो, "बाबा, तुमच्या चाळीत असे भाई होते?" म्हटलं, होता की, एक. चार मजले, ऐंशी खोल्या, त्यात एक. "मग बाकीचे काय करायचे?"

त्या 'बाकीचे'वरच हा धागा काढतोय.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा. सामंत डॉक्टर, अडीच लाख कामगार हे सगळं तुम्हाला माहीत आहे. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. सहा-आठ महिने वाट बघून ते गावी भाताला गेले, आणि आई मुंबईत राहिली, कारण आमची शाळा. ती आधीपासून सात गाळेवाल्यांचे, म्हणजे एका खोलीत मिळून राहणाऱ्या कामगारांचे, डबे करायची. संपात सातांचे दोन झाले. मग तिने लग्नाच्या पोळ्या, पापड, दुसऱ्यांची बाळं सांभाळणं, जे मिळेल ते धरलं. पहाटे चारला नळ यायचा. त्याआधी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला की मला कळायचं, आज कुणाची तरी ऑर्डर आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कशाक एवढी मरतंस?" तर आई म्हणाली, "गिरण बंद पडली म्हणान चूल बंद ठेवूची काय?"

आता सिनेमातली चाळ बघा. गॅलरी कशाला? पाठलागाला. गच्ची? लपायला. जिना? वरून कुणीतरी रक्ताळलेला गडगडत यायला. आमच्या गॅलरीत पापड वाळायचे, बाहेरून आलेला पाहुणा झोपायचा, आणि माणूस गेला की त्याला तिथेच आंघोळ घालायचे. 'वास्तव' (१९९९), 'लालबाग परळ' (२०१०), 'दगडी चाळ' (२०१५), सगळीकडे ऐंशीतला तो एकच. एकोणऐंशी खोल्या नुसत्या मागे उभ्या.

माझ्या मते ही बदनामी आहे. प्रेमाने केलेली असली तरी.

नाक्यावरचा

चाळकरी, ऐंशीत एक तुम्हाला कमी वाटतो? आमच्या एका मजल्यावर दोन होते. त्यातला एक गोविंदाला माझ्या वरच्या थराला असायचा. त्याच्या पायाची टाच अजून माझ्या खांद्यावर आहे असं वाटतं कधीकधी. बाप गिरणीत, थोरला भाऊ बदली कामगार, हा दहावी नापास. संपानंतर घरात तीन पुरुष आणि तिघेही रिकामे. नाक्यावर कोणीतरी आधी चहा पाजला, मग बूट दिले, मग एक पाकीट पोचवायला सांगितलं. एवढंच. पुढे एन्काउंटरमध्ये गेला. त्याच्या आईला चप्पल दाखवून ओळख पटवायला लावली.

म्हणून 'वास्तव' बघताना मला बदनामीबिदनामी वाटत नाही. पावभाजीची गाडी टाकणारा पोरगा एका भांडणात माणूस मारून बसतो आणि मग परतीची वाटच राहत नाही, हे मी बघितलंय. शेवटी आईच त्याला गोळी घालते. थेटरात आमच्या आजूबाजूच्या बायका तेव्हा मोठमोठ्याने रडत होत्या. त्यांची बदनामी झाली असती तर रडल्या असत्या का?

सिनेमा म्हणजे शिरगणती नव्हे साहेब. प्रत्येक खोलीतून एक प्रतिनिधी घ्यायला.

मधली सुट्टी

रडल्या हो बायका. पोरं काय करत होती ते पण सांगा. आमच्या कॉलेजात महिनाभर जो तो गळ्यात जाड चेन घालून संजय दत्तसारखा चालत होता. 'वास्तव'मधला मेलेला रघू कोणाच्या लक्षात नाही, पन्नास तोळे सगळ्यांच्या लक्षात.

('सत्या' मात्र मी यातून वगळतो. तिथे भाई घरी येऊन बायकोची बोलणी खातो. तेवढ्यासाठी तरी.)

तेरावं कंपाउंड

गिरणगाववाल्यांनो, तुमच्याकडे निदान भाई तरी येतो, त्याला नाव असतं. आमच्या धारावीत कॅमेरा येतो तो आधी गटार बघतो. 'स्लमडॉग'ला आठ ऑस्कर मिळाले, आणि इकडे आम्ही त्या 'डॉग'वरून भांडत होतो. बरोबरच भांडत होतो.

मी भंगार प्लास्टिकच्या धंद्यात आहे. तुम्ही फेकलेली बादली माझ्याकडे येते. माझ्याकडचा म्हातारा कारागीर तुकड्याला काडी लावतो, विझवतो, धूर हुंगतो आणि सांगतो, हे अमुक जातीचं, त्या ढिगात टाक. चाळीस वर्षं हेच. त्याचं नाक म्हणजे आमची लॅबोरेटरी. ते नाक कुठल्या सिनेमात बघितलंय का? इथे कुंभारवाडा आहे, चामड्याचं काम आहे, इडलीवाल्यांच्या घराघरातल्या भट्ट्या आहेत. हे सगळं गाणं चालू असताना दोन सेकंद दिसतं.

तरी 'गली बॉय' मला आवडला. कारण एकच जागा. परदेशी पर्यटक पैसे देऊन त्यातल्या नायकाच्या घरात वस्ती बघायला येतात आणि घरचे अवघडून उभे राहतात. तो सीन बघताना माझ्या पुढच्या रांगेतला हसला. मला नाही आलं हसू. आपल्या घरात आपण बघण्याची वस्तू होतो म्हणजे काय, ते दिग्दर्शकाला कळलं होतं. मग पिक्चरमध्ये बाकी कितीही चकाचक असो.

संत्रानगरी

मुंबईच्या बाहेर वस्त्या नाहीत काय राजेहो? 'झुंड' (२०२२) कोणीच काढला नाही इथं, काहून?

त्याच्यात चोऱ्यामाऱ्या करणारे पोट्टे आहेत, नशापाणी आहे, मारामाऱ्या आहेत. नागराज मंजुळेनं काही धुवून-पुसून दाखवलं नाही. पण मले मारामाऱ्या आठवत नाहीत, मले पासपोर्ट आठवते. पोरीपाशी ओळखीचा कागद नाही म्हणून बाप तिले घेऊन या दारातून त्या दारात फिरते. माझ्या मावसभावाच्या जातीच्या दाखल्यासाठी मी असाच फिरलो. वस्तीतला खरा व्हिलन खिडकीच्या पलीकडं बसते न् म्हणते, उद्या या. त्याच्या हातात घोडा नसते, शिक्का असते.

सुनंदा

सगळे पुरुष लिहिताय म्हणून मध्ये पडते.

'चक्र' (१९८१) आठवतोय का? जयवंत दळवींची कादंबरी, स्मिता पाटीलचं काम असं की राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, लोकार्नोला सिनेमाला पहिलं बक्षीस. आणि पोस्टरवर काय छापलं? तिची उघड्यावरची आंघोळ. वस्तीतल्या बाईला मोरी नसते हे दुःख आहे, आणि त्याच दुःखावर तिकिटं विकली. तेव्हा 'प्रेमाने केलेली बदनामी' वगैरे जरा जपून. प्रेमही असतं, गल्लाही असतो.

दुसरं. 'लालबाग परळ' ज्याच्यावरून आला ते जयंत पवारांचं 'अधांतर'. त्या नाटकातही एक मुलगा गुंडगिरीत जातो. म्हणजे नाक्यावरचा म्हणतात ते पवारांनाही दिसलं होतंच, ते तर गिरणगावातलेच. पण नाटक खोलीत घडतं. गोळीबार बाहेर कुठेतरी, आत मात्र आई, बेकार मुलगे, लेक, आणि दर वाक्याला एकमेकांना लागणारे कोपरे. मुलगा घरी आला की त्याचं काय करायचं, हा त्या घराचा प्रश्न. सिनेमाने दार उघडलं आणि तो रस्त्यावर गेला. तोतऱ्या शूटरचं काम सिद्धार्थ जाधवने झकास केलं, पण थेटरातून बाहेर पडताना लोक त्याच्याबद्दल बोलत होते, आईबद्दल नाही.

भाई दाखवा हो. पण तो जेवायला घरी येतो तेव्हा ताटात काय वाढायचं हे जिला ठरवावं लागतं, तिच्या बाजूने कॅमेरा लावा. 'कोर्ट' सिनेमात मॅनहोलमध्ये गेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. सांगते, नवरा आधी खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. ती हे भाजीचा भाव सांगावा तशी सांगते. एक थेंब रक्त न दाखवता माझं पोट ढवळलं.

नाक्यावरचा

सुनंदाताई, 'अधांतर'चं मान्य. ते शिवाजी मंदिरला बघितलंय, घरी आल्यावर भावाशी बोललो नव्हतो.

पण एक सांगा, 'कोर्ट' आमच्या नाक्यावरच्या किती जणांनी बघितला? मी धरून दोन. 'वास्तव' सगळ्यांनी. ज्यांच्यावर सिनेमा काढला त्यांनी तो बघायचाच नाही, फक्त फेस्टिव्हलवाल्यांनी बघायचा, हे बरं का? चाळकऱ्यांच्या आईवर सिनेमा काढला तर मी पहिल्या दिवशी जाईन. दुसऱ्या दिवशी कोण जाणार ते तुम्ही सांगा.

चाळकरी

दुसऱ्या दिवशीचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमचा गोविंदावाला मित्र वाचून मी थोडा नरमलोय, हेही कबूल. 'एकच' म्हणालो ते चुकलं. आमचा जो एक होता, त्याच्याही आईने डबेच केले असतील, हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

तरी एक प्रसंग सांगतो, मग बघा. चाळ रिकामी व्हायच्या आधी तिथे एका पिक्चरचं शूटिंग झालं. नाव नको. गणपतीच्या आधी आम्ही वर्गणी काढून कठड्यांना हिरवा रंग दिला होता, कुंड्या ठेवल्या होत्या. युनिटवाले आले, बघितलं, म्हणाले हे फार 'नीट' दिसतंय. कुंड्या उचलल्या. नव्या रंगावर काळपट काहीतरी फासलं. दोरीवरचे धुतलेले कपडे काढून त्यांनी स्वतःच्या फाटक्या चादरी लावल्या. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मगे आमका कशाक विचारलं, स्टुडिओतच करूचा ना."

नाक्यावरचा

थांबा थांबा. तिसऱ्या मजल्यावर, जिन्यापाशी निळ्या पट्ट्यांची चादर होती का, मध्ये मोठं भोक?

त्या युनिटने स्वतःच्या नाही आणल्या चादरी. ती आमच्या मावशीची. दीडशे रुपये भाडं घेतलं तिने दोन दिवसांचं, आणि भोक अजून थोडं मोठं करू का म्हणून स्वतःच विचारलं.