विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये (मशीनवरचा ताण मोजणारं टूल) प्रोसेसर सरासरी १४ टक्के, तरी सकाळी बिलिंग अडकतं. कुठला आकडा धरायचा?

वागळेकर:
वागळे इस्टेटमधल्या एका वितरकाकडे आयटी म्हणजे मी एकटाच. विंडोज सर्व्हर, ८ कोअर, जुनी फिरती हार्ड डिस्क, बिलिंग आणि डेटाबेस दोन्ही त्याच्यावरच. सकाळी दहा ते अकरा काउंटरवरची मुलं बोंब मारतात की बिल सेव्ह होत नाही. चोवीस तासांचं लॉगिंग लावून शेठना आकडे दाखवले. प्रोसेसर ॲव्हरेज १४, मिनिमम ०, मॅक्झिमम १००. शेठ म्हणाले, "१४ टक्केच वापरतोय, मग नवीन मशीन कशाला?" काय सांगू त्यांना?

घणसोलीकर:
मॅक्झिमम १०० दिसतंय ना? सीपीयू (प्रोसेसर) कमी पडतोय. अपग्रेड मारा.

रबाळे_रात्रपाळी:
थांबा, एवढ्यात शेठच्या खिशात हात घालू नका. मी रबाळ्याला डेटा सेंटरमध्ये हेच आकडे रात्रभर बघत बसते.

मॅक्झिमम म्हणजे एकच नमुना, लॉगमधली एकच नोंद. अँटिव्हायरस जरा जागा झाला तरी १०० दिसतो. आणि तुमच्या सरासरीत रिकामी रात्रसुद्धा मोजली गेलीय. दिवसभराची सरासरी काढली तर ठाणे-पनवेल लोकलमध्येही बसायला जागा आहे असंच दिसेल! शिवाय ८ कोअरमधला (प्रोसेसरचे स्वतंत्र भाग) एकच पूर्ण भरला तर एकूण आकडा १२.५ टक्केच येतो, तेव्हा कोअर वेगवेगळे बघा.

आता बिलांचं धरा. १०० पैकी ९० बिलं ०.२ सेकंदात सेव्ह झाली, १० बिलांना ८ सेकंद लागले. सरासरी ०.९८ सेकंद. पण साधारण एक सेकंद लागलेलं बिल यात एकही नाही! मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधला आकडा, ०.२; त्यावरून सगळं छान वाटतं. ९५वा पर्सेंटाइल, म्हणजे ९५ टक्के आकडे ज्याच्याइतके किंवा खाली असतात तो, ८, आणि मुलं ओरडतात ती त्याच्यावरून. स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (आकडे सरासरीपासून किती पांगलेत त्याचं माप) नादी इथे लागू नका, २.३ च्या वर येतं. सरासरीतून वजा केलंत तर वेळ शून्याखाली जातो.

मिनिमम फक्त मोकळ्या मेमरीसाठी बघा, तिथे तळच महत्त्वाचा.

बिल सेव्ह होणं म्हणजे डिस्कवर लिहिणं. म्हणून लॉग विंडोजच्या 'रीलॉग' कमांडने सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) करा, फक्त दहा ते अकरा ठेवा आणि डिस्क राइटच्या वेळेचा ९५वा पर्सेंटाइल एक्सेलमध्ये काढा. पंधरा सेकंदांचा नमुना असेल तर तासाचे २४० येतील. त्यातला प्रत्येक नमुनासुद्धा मुळात पंधरा सेकंदांची सरासरीच असतो, त्यामुळे खरे झटके आणखी मोठे असणार.

वागळेकर:
केलं, ताई. त्या तासात प्रोसेसरचा ९५वा ३१ टक्के. डिस्क राइटचा ०.१६, म्हणजे १६० मिलिसेकंद! दुपारी तोच १२ मिलिसेकंद. बॅकअप सकाळी पावणेदहाला सुरू होतो, तोही त्याच डिस्कवर; आधीच्या माणसाने तसा लावलाय. आजपासून तो रात्री एकच्या वेळेवर ढकलतो.
भिवंडीच्या गोदामातही एक सर्व्हर आहे. दोन्हींच्या ९५व्याची सरासरी काढून शेठना एकच आकडा देऊ का?

घणसोलीकर:
बरं, सीपीयूचं मागे घेतो.

रबाळे_रात्रपाळी:
पर्सेंटाइलची सरासरी काढायची नसते. एकच आकडा हवा असेल तर दोन्हीकडचे मूळ नमुने एकत्र करून नव्याने काढावा लागतो. पण दोन वेगळ्या डिस्का कशाला मिसळता? दोन ओळी द्या, वेगवेगळ्या. आणि बॅकअप हलवल्यावर परत दहा ते अकराचाच तास मोजा, दुसरा नाही.