पुन्हा: बेलची खरी जागा कोणती?

प्रेषक: अण्णा

मंडळी, नमस्कार.

छोटूने काल आपल्या मेल-यादीवर टाकलेला 'या शतकातला माझा संघ' (फुटबॉलचा) वाचला. बाकीच्या दहा जणांबद्दल मला काही म्हणायचं नाही (बचावफळीबद्दल खरं तर पुष्कळ म्हणायचंय, पण ते पुन्हा कधीतरी). वेल्सच्या गॅरेथ बेलला उजव्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेला पुढे, टाकलंय ते मात्र अजिबात पटलं नाही. डाव्या पायाचा, सुसाट पळणारा गडी. त्याला उजवीकडे उभं केलं की दर वेळी चेंडू डाव्या पायावर घ्यायला आत वळणं आलं, म्हणजे गर्दीत शिरणं आलं. वेग हेच ज्याचं भांडवल त्याला गर्दीत कशाला ढकलायचं?

२० ऑक्टोबर २०१० आठवा. सान सिरो मैदानावर समोर इंटर मिलान, तेव्हाचे युरोपचे विजेते. आठव्या मिनिटाला बेलच्या तेव्हाच्या संघाचा, टॉटनहॅमचा, गोलकीपर गोमेस लाल कार्ड घेऊन बाहेर, मध्यंतराला ४-०. तिथून बेलने एकट्याने तीन गोल परत केले, ४-३. तिन्ही डाव्या पायाने, जमिनीलगत, गोलकीपरच्या पलीकडच्या कोपऱ्यात. दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर ३-१ ने उट्टं काढलं, तेव्हाही डावीकडून त्याने इंटरच्या राइट बॅकची (उजवीकडचा बचावपटू) मायकॉनची जी दमछाक केली ती बघवत नव्हती. टॉटनहॅमचे क्राउच आणि पावल्युचेंको, दोघांच्या गोलांना चेंडू पुरवणारा हाच.

उजवीकडून खेळताना असं काही केलं असेल तर दाखव.

अण्णा

----

प्रेषक: छोटू

अण्णा, सान सिरो येणार हे माहीतच होतं, तुमची मेल उघडायच्या आधीच पैज लावायला हवी होती. :)

दाखवतो. १९ मे २०१३, हंगामाचा शेवटचा सामना, सन्डरलंडविरुद्ध. नव्वदावं मिनिट. बेल उजवीकडून आत वळतो आणि डाव्या पायाने चेंडू वळवून वरच्या कोपऱ्यात. त्या हंगामात त्याचे लीगमध्ये २१ गोल झाले. डावी टचलाइन (मैदानाच्या बाजूची रेषा) धरून पळणाऱ्याला एवढे गोल कुठून मिळणार? त्या वर्षी प्रशिक्षक विलास-बोआसने त्याला मधे, उजवीकडे, कुठेही फिरायची मोकळीक दिली म्हणून ते झाले.

दुसरं, लिस्बन २०१४, चॅम्पियन्स लीगची फायनल, तेव्हा तो रियाल माद्रिदकडे, ११० वं मिनिट. त्याचा सहकारी डी मारिया डावीकडून घुसला, त्याचा फटका समोरचा गोलकीपर कोर्त्वाच्या पायाला लागून उडाला आणि पलीकडच्या खांबाशी बेल डोकं घालायला हजर. डाव्या विंगवर असता तर तो क्रॉस मारत बसला असता, गोल कोणी केला असता?

तुमच्या मायकॉनवरूनच सांगतो. २०१० मध्ये बेलसमोर राइट बॅकला एकटं सोडत होते. पुढच्या दोन वर्षांत सगळ्यांना कळलं की बेल बाहेरच्या बाजूने जाणार, मग राइट बॅकच्या मदतीला दुसरा माणूस येऊ लागला. डाव्या पायाचा विंगर डावीकडे असला की त्याचं पुढचं पाऊल ओळखता येतं. उजवीकडे असला की आतही येऊ शकतो, बाहेरही जाऊ शकतो.

छोटू

----

प्रेषक: ताई

अण्णा, छोटू,

तुम्ही दोघं मैदान वरून बघताय. मी बरीच वर्षं राइट बॅक खेळले, अर्थात हौशी लीगमध्येच, तेव्हा बेलच्या समोर उभ्या राहणाऱ्याच्या बाजूने थोडं लिहिते.

राइट बॅकला विंगर डाव्या पायाचा आहे की उजव्या, याची भीती दुसऱ्या नंबरवर. पहिली भीती आपल्या पाठीमागे किती मैदान मोकळं आहे याची. माझ्यामागे पंधरा पावलांवर गोलरेषा असेल तर जगातला सर्वांत वेगवान माणूस आला तरी मी दोन पावलं मागे सरकून त्याला अडवून धरीन, कारण वेग गाठायला त्याला जागाच नाही. पाठीमागे अर्धं मैदान रिकामं असेल तर माझं काम संपलं. त्याने चेंडू पुढे टाकला की मला वळावं लागतं आणि तो आधीच पळत असतो. त्या वळण्यात जे एक पाऊल जातं ते पुन्हा मिळत नाही.

आता बेलचे मोठे गोल या नजरेने बघा. सान सिरोवर टॉटनहॅम दहा जणांत, आपल्या अर्ध्यात. इंटर चार गोलांनी पुढे आणि निर्धास्त. पहिला गोल तर तो स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेऊन निघाला. आणि दोघांपैकी कोणीच ज्याचं नाव काढलं नाही तो गोल: १६ एप्रिल २०१४, व्हॅलेन्सियात कोपा देल रेची (स्पेनच्या चषकाची) फायनल, रियाल विरुद्ध बार्सिलोना, १-१, पंच्याऐंशीवं मिनिट. कोएंत्रावकडून पास येतो, बेल मध्यरेषेजवळ चेंडू बार्सिलोनाचा बचावपटू बार्त्राच्या पलीकडे टाकतो. बार्त्रा खांद्याने त्याला बाहेर रेटतो, इतका की बेल टचलाइन ओलांडून चार-पाच पावलं मैदानाबाहेरून पळतो. लांबचा रस्ता घेऊनही बार्त्राच्या आधी चेंडूवर, आणि मग गोलकीपर पिंटोच्या पायांमधून गोल. बार्त्रा काही संथ खेळाडू नव्हता. बेलला वेग पकडायला अंतर मिळालं, इतकंच.

म्हणून मला हा डावी-उजवीचा वादच लंगडा वाटतो. बेलची जागा समोरच्या संघावरून ठरायची. रियालसमोर निम्मे संघ अकराच्या अकरा माणसं मागे घेऊन बसायचे. तिथे डावीकडे रोनाल्डो, त्याच्या मागून सतत वर येणारा लेफ्ट बॅक मार्सेलो, त्यामुळे बेलच्या वाट्याला उजवी बाजू आली. राइट बॅक कार्वाहाल बाहेरून ओव्हरलॅप करायचा, म्हणजे त्याला ओलांडून पुढे धावायचा, याने आत यायचं. काम व्यवस्थित झालं, पण त्या कामाला बेलच लागतो असं नाही. आत वळून फटका मारणारे डावखुरे विंगर पुष्कळ आहेत.

उलट वेल्स. युरो २०१६ ला प्रशिक्षक कोलमनने मागे तीन सेंटर बॅक (मधले बचावपटू) आणि कडेला दोन विंग बॅक ठेवले, बेलला कुठल्याच बाजूला बांधलं नाही. संघ मागे बसायचा, चेंडू हिसकावला की सरळ त्याच्याकडे. साखळीतल्या तिन्ही सामन्यांत त्याचा गोल (त्यातले दोन फ्री किक, हेही मान्य) आणि वेल्ससारखा छोटा देश थेट सेमीफायनलला.

अण्णा, तुमच्या टॉटनहॅमला हे उशिराच कळलं. सुरुवातीला तो लेफ्ट बॅक होता आणि तो खेळला त्या लीगच्या पहिल्या २४ सामन्यांत संघ एकदाही जिंकला नाही. लोक त्याला पनवती म्हणायला लागले होते. पोरगं तेच, पाय तेच.

ताई

----

प्रेषक: मंडळ सचिव

सभासदहो, चर्चा रंगली आहे, आनंद आहे. पण वार्षिक वर्गणीची माझी मेल बेलच्या खाली गाडली गेली आहे. कृपया तीही वाचावी.

----

प्रेषक: अण्णा

सचिवसाहेब, वर्गणी भरली. बेलवर आणखी एक मेल खर्ची घालायचा हक्क मिळाला असं समजतो.

ताई, तुमचं म्हणणं शब्दन् शब्द मान्य, पण त्यातून निघतं काय ते बघा. बार्त्राला मागे टाकून केलेला गोल कुठल्या टचलाइनवरून? डाव्या! बाहेरून पळून आल्यावर चेंडू आपसूक डाव्या पायावर येतो, वेग मोडावा लागत नाही. उजवीकडून तीच धाव घेतली असती तर शेवटी एकतर उजव्या पायाने मारायचं, नाहीतर थांबून वळायचं. तेवढ्यात बार्त्रा पोचला असता. मोकळं मैदान पाहिजे हे खरं, पण ते डावीकडचं.

अण्णा

----

प्रेषक: छोटू

अण्णा, त्या रात्री तो डावा विंगर नव्हताच. रोनाल्डो दुखापतीमुळे बाहेर, म्हणून बेल बेंझेमाच्या जोडीला पुढे खेळत होता. डी मारिया आणि इस्को बाजूंना होते. म्हणजे तुमचा सर्वोत्तम डावा गोल एका फॉरवर्डने केलाय.

आणि रोनाल्डोचं काय करायचं ते सांगा की. त्याला उठवून बेलला डावीकडे बसवणारा कोच दुसऱ्या दिवशी घरी गेला असता.

छोटू

----

प्रेषक: ताई

छोटू, रोनाल्डो पुढे स्वतःहून मधे सरकला. पण तोवर रियालचा प्रशिक्षक झिदान इस्कोला मधे घालून विंगरशिवाय खेळायला लागला होता आणि बेलच्या पोटऱ्या दर दोन महिन्यांनी दगा देत होत्या. कीव्हच्या २०१८ च्या फायनलला तो बेंचवरून एकसष्टाव्या मिनिटाला आला, इस्कोच्या जागी. तीन मिनिटांत मार्सेलोच्या क्रॉसवर ती ओव्हरहेड किक. ना डावी बाजू ना उजवी, बॉक्सच्या मधोमध आणि गोलकडे पाठ करून. हा गोल तुमच्या दोघांच्याही वहीत बसत नाही, माझ्याही नाही.

तुझ्या संघात तो डावीकडे चालेल, उजवीकडेही चालेल. मात्र डावीकडे ठेवलास तर त्याच्या मागचा मार्सेलो आधी काढ. दोघंही वर गेले की माझ्यासारख्या राइट बॅकलासुद्धा तिथून गोल मारता येईल.

ताई