सिंधू संस्कृतीतलं रोजचं जगणं बघायचंय : लोथल, धोलावीरा की आणखी कुठे?

मधुरा_पुणे
नाताळच्या सुट्टीत आठवडाभर गुजरातला जायचं म्हणतोय. लेक सहावीत आहे, इतिहासात हडप्पा संस्कृतीचा धडा झालाय. नगररचना, गटारं, महास्नानगृह सगळं पाठ आहे, पण तिचे प्रश्न वेगळेच असतात. त्यांचा राजा कोण होता? जेवायला काय करायचे? माझ्याएवढी मुलं दिवसभर काय करायची? याची उत्तरं जिथे डोळ्यांनी बघायला मिळतील अशी ठिकाणं सुचवा. सासूबाई बरोबर आहेत, त्यांचे गुडघे दुखतात.

रणवाट
धोलावीरा चुकवू नका. २०२१ पासून जागतिक वारसा आहे. आता भुजहून खावडामार्गे रणातून थेट रस्ता झालाय, पूर्वी रापरकडून मोठा वळसा पडायचा. राहायची सोय मोजकीच आहे, आधी बुक करा.

खापरी
मधुराताई, मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी होते, उत्खननांवर काम केलंय. माझा सल्ला : आधी वस्तू दाखवा, मग भिंती. नुसत्या घरांच्या पायाच्या विटा बघून मुलं कंटाळतात.

निघण्याआधी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सिंधू संस्कृतीचं दालन बघा. तिथली दगडी वजनं तिला नीट निरखू द्या. गुळगुळीत घासलेले चौकोनी ठोकळे, त्यांवर एक आकडासुद्धा नाही. लहान वजनं दुपटीने वाढत जातात आणि सर्वांत जास्त सापडणारं वजन साधारण १३.७ ग्रॅमचं. पंजाबातल्या हडप्प्यात हेच माप आणि शेकडो कोस दूर लोथलमध्येही हेच. एवढी शिस्त कोणी लावली? इथे तिचा राजाचा प्रश्न येतो. इजिप्तसारखी राजाची भव्य कबर इथे सापडलेली नाही, नक्की राजवाडाच म्हणावा अशी इमारतही नाही. मोहेंजोदडोच्या दाढीवाल्या पुतळ्याला ‘पुरोहित राजा’ म्हणतात, ते नाव आधुनिक अभ्यासकांनी दिलंय. लिपी अजून वाचता आलेली नाही. तेव्हा कृपा करून तिला घाईने राजा देऊ नका, प्रश्न तसाच राहू द्या.

जेवणाचं मात्र सांगता येतं. हरियाणातल्या फरमाण्याला आपल्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तिथल्या भांड्यांवर आणि माणसांच्या दातांवर हळद-आल्याच्या पिठूळ कणांचे अंश मिळाले. गहू, सातू, डाळी होत्याच. मुलांसाठी मातीच्या बैलगाड्या, शिट्ट्या, भिंगऱ्या होत्या. लोथलच्या संग्रहालयात खेळण्यांपाशी थांबा.

आणि लोथलला जाताय तर खंभात कराच. अकीकाचे मणी तिथे आजही घडवतात. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकाला खडा टेकवायचा आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टिचकी मारायची, की खालून टवका उडतो. दगडाला लाल रंग यावा म्हणून तो आधी भाजतात. लोथलला मण्यांचा कारखाना सापडलाय, आणि सिंधूकडचे असे लाल मणी मेसोपोटेमियात उरच्या थडग्यांत मिळालेत. कारागिराचे हात चालताना बघितले की समाज म्हणजे काय ते मुलांना धड्यापेक्षा लवकर कळतं. लोथलची गोदी खरंच जहाजांची गोदी की नुसता पाण्याचा तलाव, यावर जुना वाद आहे. काठावर बसून तिलाच ठरवू द्या.

प्रवराकाठ
गुजरातपर्यंत कशाला? आपल्या नगर जिल्ह्यात दायमाबाद आहे. हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळातली वस्ती, १९७४ साली तिथे रथ, हत्ती, गेंडा, रेडा अशी काशाची चार शिल्पं सापडली.

खापरी
@प्रवराकाठ, दायमाबाद माझ्याही जिव्हाळ्याचं, पण त्या शिल्पांच्या काळाबद्दल मतभेद आहेत आणि लहान मुलीला जागेवर बघण्यासारखं फार नाही. फोटो मात्र जरूर दाखवा, सिंधूकडची नाळ प्रवरेपर्यंत कशी आली ते कळेल.

मधुरा_पुणे
खूप आभार. मुंबई, अहमदाबाद, लोथल, खंभात असं ठरतंय. धोलावीरा सासूबाईंना झेपेल का?

रणवाट
बालेकिल्ल्यावर चढ आहे, पायऱ्या ओबडधोबड आहेत. त्यांना पूर्वेकडच्या मोठ्या हौदाच्या काठापर्यंत न्या. दगडात बांधलेली ती टाकी आणि आत उतरणाऱ्या पायऱ्या वरूनच दिसतात. पावसाळी ओढ्यांचं पाणी अडवून अख्खं शहर कसं जगलं, ते तिथे उभं राहून कळतं. सकाळी लवकर जा, सावली नाही.

खापरी
आणि लोथलला शुक्रवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं. तिथे सागरी वारसा संकुलाचं काम चालू आहे, त्यामुळे निघण्याआधी फोन करून विचारा.