डिझेल ॲडिटिव्हच्या बाटलीवर सल्फरचा आकडा सक्तीचा करावा का?

घाटमाथा:
अमेरिकेत डिझेलमध्ये वरून टाकायच्या ॲडिटिव्हचं (इंधन सुधारायच्या रसायनाचं) सल्फर 15 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 15 भागांच्या) आत आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला बाटलीवरच कळावं अशी अट आली. 2006 मध्ये तिथे 15 पीपीएमचं डिझेल पंपांवर आलं, त्या वेळच्या नियमांतली ही तरतूद. 15 च्या वरचा माल घाऊकीत विकायचा तर सोबतच्या कागदावर तीन आकडे लागायचे: ॲडिटिव्हमधलं जास्तीत जास्त सल्फर, शिफारशीचा कमाल डोस, आणि त्या डोसने डिझेलमध्ये किती पीपीएमची भर पडते.

आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 (गाड्यांच्या धुराचं भारतीय मानक) डिझेलची मर्यादा 10 पीपीएम आहे, म्हणजे त्यांच्याहून कडक. पण बाटलीवर काय असतं? नाव, पत्ता, माप, एमआरपी, महिना-वर्ष, तक्रारीचा नंबर. सल्फरचा उल्लेख सक्तीचा नाही. तो झालाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

हिशोब बघा. 200 मिलीची बाटली 50 लिटरला, म्हणजे 1:250. ॲडिटिव्हमध्ये 1500 पीपीएम सल्फर धरलं तर भर पडते 6 पीपीएमची. ॲडिटिव्हची घनता डिझेलपेक्षा थोडी जास्त असेल तर साडेसहा. पंपावरचं डिझेल 8 चं असेल तर टाकीत साडेचौदा झालं. आणि अर्ध्या टाकीत अख्खी बाटली ओतली, जे सर्रास होतं, तर एकवीस. दोष पंपवाल्याचा नाही, रिफायनरीचाही नाही.

तिरका_स्पॅनर:
हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. इंजिन ऑइलमध्ये 0.3 टक्के सल्फर असेल आणि इंजिन डिझेलच्या हजाराव्या हिश्शाइतकं ऑइल जाळत असेल, तर एक्झॉस्टमध्ये 3 पीपीएम डिझेलइतकं सल्फर रोज जातंच. एखाद्या टाकीला सहाची भर पडल्याने कॅटॅलिस्ट (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) मरत नाही.

खरं नुकसान राखेचं. लोह, मँगनीज असलेली ॲडिटिव्हं टाकली की राख डीपीएफमध्ये (काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साठते आणि कितीही रिजनरेशन केलं, म्हणजे फिल्टर तापवून काजळी जाळली, तरी जळत नाही. फिल्टर काढून साफ करावा लागतो, नाहीतर बदलावा लागतो. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘सल्फर 15 पीपीएमच्या आत’ छापलं की गिऱ्हाईक निर्धास्त होणार, आणि आत फेरोसीन (लोहाचं संयुग) असलं तरी त्याला पत्ता नाही. अर्धवट लेबल हे लेबल नसण्यापेक्षा वाईट.

नोझल_टिप:
सल्फर इतकं सोडून देण्यासारखं नाही. राखेइतकं कायमचं नसेल, पण त्रास त्याआधी सुरू होतो. जळून झालेला सल्फर डायऑक्साइड डीओसीवर (फिल्टरच्या आधीच्या कॅटॅलिस्टवर) पुढे ट्रायऑक्साइड होतो आणि सल्फेट प्लॅटिनम-पॅलेडियमवर बसतं. मग नायट्रिक ऑक्साइडपासून (एनओ) काजळी जाळणारा नायट्रोजन डायऑक्साइड (एनओटू) कमी बनतो, काजळी आपसूक जळणं मंदावतं आणि जादा डिझेल फवारून करायचं सक्रिय रिजनरेशन लवकर लवकर लागतं. त्यातलं काही डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून सम्पमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वर चढलेली दिसली की आधी इथे शंका घ्यायची. ज्या छोट्या गाड्यांत एलएनटी (नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं, धरून ठेवणारा कॅटॅलिस्ट) आहे तिथे आणखी वाईट, कारण सल्फर नॉक्सची जागाच अडवतं आणि ते हटवायला सहाशे अंशांच्या वर तापमान आणि रिच (जादा इंधनाचं) मिश्रण लागतं. शहरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला ते तापमान मिळायचं कधी?

बाटलीपेक्षा मोठा गुन्हेगार मात्र 2टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं). ‘नवं डिझेल कोरडं आहे, पंप वाचवा’ म्हणून 1:200 ने ओततात. बेस ऑइलमध्ये 0.3 टक्के सल्फर असेल तर पंधरा पीपीएमची भर एका फटक्यात. मुळात सल्फर वंगण देतं हाच गैरसमज आहे. सल्फर काढताना हायड्रोट्रीटिंगमध्ये (हायड्रोजनच्या प्रक्रियेत) ध्रुवीय संयुगंही निघून जातात, वंगण त्यांचं होतं. ती उणीव भरायला लुब्रिसिटी (वंगणाचं) ॲडिटिव्ह टाकूनच डिझेल बाहेर पडतं. मानकात चाचणीतल्या घर्षणाच्या व्रणाला 460 मायक्रॉनची कमाल मर्यादा आहे, ती त्यासाठीच.

ताडपत्री:
ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बाजूने. ज्यांच्या आवारात स्वतःची टाकी आणि पंप आहे, ते ॲडिटिव्ह ड्रमने घेतात. वीस हजार लिटरला वीस लिटर, म्हणजे 1:1000. सोबत एमएसडीएस (रसायनाच्या सुरक्षेचा माहितीपत्रक) येतो, त्यात सल्फर असेलच असं नाही. पाणी धरलेल्या टाकीत बुरशी मारायला बायोसाइड टाकतात. त्यातल्या आयसोथायाझोलिनोन प्रकारच्या रसायनाच्या रेणूतच सल्फर असतं. डोस लहान असल्याने भर किरकोळ, पण ‘शॉक डोस’ (एकदम द्यायचा मोठा) किती आणि देखभालीचा किती, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. बाटलीवर काय छापायचं ते नंतर ठरवा, ड्रमच्या चलनावर अमेरिकेतले ते तीन आकडे आधी आणा.

तिरका_स्पॅनर:
ताडपत्रींच्या मुद्द्याला माझा पाठिंबा. पण छापलेला आकडा तपासणार कोण? अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांच्या डिझेलसाठीचं ॲडिटिव्ह आधी ईपीएकडे (तिथल्या पर्यावरण संस्थेकडे) नोंदवावं लागतं, लेबल त्याच्यावर उभं आहे. इथे नोंदणीच नसेल तर कोणीही 15 छापेल.

घाटमाथा:
छापलेला आकडा खोटा ठरवता येतो, न छापलेला नाही. यूव्ही फ्लुओरेसन्सने, म्हणजे एएसटीएम डी5453 या प्रमाणित चाचणीने, थोड्याशा नमुन्यात सल्फर मोजता येतं. नोंदणी हवीच, पण तिच्यासाठी लेबल अडवू नका. राखेबद्दल तुमचं म्हणणं मान्य. दोन ओळी छापा: ‘या डोसने डिझेलमध्ये सल्फरची भर … पीपीएम’ आणि ‘धातू: आहेत/नाहीत’. शिवाय डोस लिटरमागे मिलीत, बाटलीमागे नको.

तिरका_स्पॅनर:
‘आहेत/नाहीत’ नको, मिलिग्रॅम लिहा. युरोपच्या डिझेल मानकात मँगनीजला लिटरमागे 2 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. नुसतं ‘आहेत’ वाचून ती ओलांडली की नाही हे कसं कळणार?