दोष पालकांचाच का?
अर्भकाचा झोपेत अचानक होणारा मृत्यू हा निव्वळ पालकांच्या हलगर्जीपणाचा परिणाम असतो, हे मत मला पटत नाही. १९९४ साली फिलियानो आणि किनी या संशोधकांनी मांडलेल्या प्रारूपानुसार बाळातील अंगभूत दुर्बलता, वाढीचा नाजूक टप्पा आणि पालथे झोपवण्यासारखा बाह्य ताण एकत्र आल्यास असा मृत्यू संभवतो. श्वासाचे आणि जागे होण्याचे नियंत्रण करणाऱ्या मस्तिष्कस्तंभातील (मेंदूच्या तळाच्या भागातील) सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या यंत्रणेत दोष असल्याचेही अशा अनेक बाळांच्या बाबतीत पुढे आढळले. बाळाला उताणे झोपवण्याच्या मोहिमांनंतर अनेक देशांत हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, हेही तितकेच खरे.