मदुराईचा चित्तिरै उत्सव: चैत्र पौर्णिमेला जाऊनही अळगरांचे दर्शन का हुकले?

प्रश्न

मदुराईच्या वैगई नदीत सोन्याच्या घोड्यावरून उतरणारे कळ्ळळगर, म्हणजे अळगर या नावाने ओळखले जाणारे विष्णू, एकदा पाहावेत, ही माझ्या आईची फार दिवसांची इच्छा होती. हा सोहळा चैत्र पौर्णिमेला होतो असे ऐकल्यामुळे आम्ही पंचांगातली हनुमान जयंती पाहिली आणि 12 एप्रिल 2025 रोजी तेथे पोहोचलो. मीनाक्षीचे दर्शन शांतपणे झाले, मात्र अळगरांचा सोहळा 12 मे रोजी आहे असे तेथे कळले, तेव्हा आईचा चेहरा अगदी उतरला. 2024 मध्ये तो 23 एप्रिलला, म्हणजे आपल्या चैत्र पौर्णिमेलाच झाला होता. मग 2025 मध्ये महिन्याचा फरक कसा पडला? पुन्हा जायचे ठरवले तर कोणते दिवस धरावेत? आईला दाटीवाटीची गर्दी सोसत नाही.

पहिला प्रतिसाद

आपले महिने चांद्र आहेत आणि तमिळ महिने सौर, या फरकात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. सूर्य मेष राशीत शिरला की, म्हणजे साधारण 14 एप्रिलला, चित्तिरै महिना लागतो आणि त्या महिन्यात येणारी पौर्णिमा ती चित्रा पौर्णिमा. 12 एप्रिल 2025 ला सूर्य अजून मीन राशीतच होता, म्हणून ती पौर्णिमा तमिळ गणनेत आधीच्या पंगुनी महिन्यात गेली आणि चित्तिरैच्या वाट्याला आपली वैशाख पौर्णिमा आली. 2023 मध्येही असेच झाले होते: हनुमान जयंती 6 एप्रिलला होती आणि अळगर नदीत उतरले 5 मे रोजी. चैत्र पौर्णिमा 14 एप्रिलच्या आधी येत असेल, तर साधारणपणे पुढची पौर्णिमा धरावी आणि मंदिराचे वेळापत्रक पाहूनच तिकिटे काढावीत.

दुसरा प्रतिसाद

वरील खुलासा योग्य आहे. त्यात एक भर घालतो, कारण दिवस ठरवताना तिचा उपयोग होईल. आपण ज्याला एक उत्सव समजतो, ते मुळात दोन आहेत. मीनाक्षी-सुंदरेश्वरांचा उत्सव शैव परंपरेचा असून ध्वजारोहणानंतर आठव्या दिवशी मीनाक्षीचा पट्टाभिषेक, नवव्या दिवशी दिग्विजय, दहाव्या दिवशी तिरुकल्याणम् म्हणजे विवाह आणि अकराव्या दिवशी मासी वीथी नावाच्या रस्त्यांतून रथयात्रा असा त्याचा क्रम असतो. कळ्ळळगर हे विष्णू. त्यांची स्वारी शहराबाहेर सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या अळगर कोविलहून, वाटेतल्या मंडपांमध्ये थांबत थांबत येते. विवाह पूर्वी मासी या तमिळ महिन्यात (फेब्रुवारी-मार्च) होत असे आणि सतराव्या शतकात मदुराईचा राजा तिरुमलै नायक याने दोन्ही उत्सव चित्तिरैमध्ये जुळवून आणले, असे सांगितले जाते. आज रथ चित्तिरै महिन्यात फिरतो आणि रस्त्यांना नाव मात्र मासीचे आहे.

रथयात्रा आणि नदीप्रवेश यांतले अंतर सारखे नसते. 2024 मध्ये दोन्ही लागोपाठच्या दिवशी झाले, तर 2025 मध्ये रथ 9 मे रोजी निघाला आणि नदीप्रवेश 12 मे रोजी झाला.

लोककथेत अळगर हे मीनाक्षीचे भाऊ. बहिणीच्या लग्नाला येता येता उशीर होतो आणि लग्न लागल्याचे कळताच ते रुसून नदीतूनच परत फिरतात. मंदिराच्या परंपरेप्रमाणे मात्र ते मंडूक मुनींना शापातून सोडवण्यासाठी येतात, आणि विवाहात कन्यादान करतात ते मदुराईजवळच्या तिरुपरंकुंड्रमचे पवळक्कनिवाय पेरुमाळ, म्हणजे विष्णूचेच एक रूप. मला दोन्ही कथा तितक्याच प्रिय आहेत. श्रीविल्लिपुत्तूरहून आलेली, तमिळ वैष्णव संत-कवयित्री आंडाळची माळ घालून अळगर घोड्यावर बसतात, भाविक कातडी पिशव्यांतून त्यांच्यावर पाणी उडवतात, आणि त्यांनी कोणत्या रंगाचे रेशमी वस्त्र नेसले आहे याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात, कारण हिरवे वस्त्र पिकापाण्याच्या दृष्टीने शुभ मानतात.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपणा दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. आईला पहाटे नदीकाठी नेणे कितपत सुरक्षित आहे?

तिसरा प्रतिसाद

कृपया नेऊ नये. 2022 मध्ये नदीप्रवेशाच्या वेळी चेंगराचेंगरीत दोन भाविकांचा मृत्यू झाला होता. त्याऐवजी आदल्या दिवशी तल्लाकुळम् भागात शहरवासी अळगरांना सामोरे जातात, ती एदिर् सेवै पाहावी. गर्दी तेथेही असते, परंतु स्वारी अनेक मंडपांत थांबत असल्यामुळे एखाद्या आधीच्या मंडपाजवळ सावलीत बसून दर्शन घेता येते. विवाहाच्या दिवशी शहरात असाल तर आईला मंगळसूत्राचा पिवळा दोरा जवळ ठेवायला सांगावे. मीनाक्षीचे लग्न लागत असताना तेथील सुवासिनी आपला दोरा बदलतात.

उन्हाळा टाळायचा असेल, तर तै महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, वंडियूर मारिअम्मन तेप्पकुळम् येथे होणारा तेप्पोत्सव आईंना अधिक मानवेल. मीनाक्षी आणि सुंदरेश्वर सजवलेल्या तराफ्यावर बसून त्या विस्तीर्ण तलावात फेरी घेतात आणि काठावरून ते दूरवरूनही दिसतात. अळगर मात्र त्या उत्सवात नसतात, हे आईंना आधीच सांगून ठेवावे.